दोघांवरचा खोटा आळ

मैत्रिणींनो, उत्तर ध्रुवाकडचा उंदीर आणि आपल्या नवी मुंबईच्या खाडीतलं झाड यांची तुलना करायला बसले आहे, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण थोडं ऐका तर खरं!

दहावीनंतर आमच्या लेकीने कला शाखा घ्यायची म्हटलं. तिच्या दोन मैत्रिणीही तीच घेणार होत्या. मी पाहुण्यांदेखत बोलून गेले, "निघाली लेमिंगसारखी त्यांच्यामागे!" लेमिंग म्हणजे बर्फाळ मुलखातला मूठभर उंदीर. तो कळपाने कड्यावरून समुद्रात उडी घेऊन जीव देतो, असं मी वर्गातही सांगत आले होते.

लेक गप्प राहिली. रात्री तिने माहिती काढून माझ्यापुढे ठेवली. सगळं खोटंच की हो! १९५८ सालच्या 'व्हाइट वाइल्डरनेस' या माहितीपटासाठी लेमिंग दुसरीकडून आणून कड्यावरून ढकलले होते. त्याला ऑस्करही मिळालं! खरं तर हा जीव हिवाळाभर बर्फाखाली बोगदे करून, गवताचं घरटं बांधून संसार करतो. तीन-चार वर्षांनी संख्या बेसुमार वाढली, की नव्या जागेच्या शोधात निघतो. वाटेत पाणी लागलं तर पोहतो, काही बुडतात. पोटासाठी बाहेर पडणं म्हणजे का जीव देणं?

पुढच्या रविवारी ती मला ऐरोलीला खाडीकाठी घेऊन गेली. खाडीतली झाडं म्हणजे चिखल, वास नि डास, ही माझी समजूत. वाशीचा पूल आला की मी पदर नाकाला लावायची. तिथे पांढरी चिप्पी पाहिली. २०२० साली ती महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष ठरली. चिखलातून वर आलेली टोकं म्हणजे तिची श्वास घेणारी मुळं. पांढऱ्या केसरांचं फूल रात्री उमलतं, वटवाघळं नि पतंग येऊन जातात आणि सकाळी केसर गळलेले असतात. आपण दिवसा नाक मुरडून जाणार, मग ते दिसणार कसं?

एक धावणारा, दुसरी जागा न सोडणारी. साम्य एकच, दोघांनाही आपण न बघताच नावं ठेवली.

परतताना लेक हळूच म्हणाली, "आई, कला शाखेचं आधी मीच ठरवलं होतं. त्या दोघी माझ्यामागून आल्या."

तेच पाहुणे दिवाळीला येणार आहेत. बोलले त्यांच्यादेखत, तेव्हा चूकही त्यांच्यादेखतच कबूल करणार आहे.