रिद्धपूरची शाळा

परमुलखात भाषा शिकवतं कोण, असं विचारलं तर बहुतेक जण वर्गाकडे बोट दाखवतील. पण स्पॅनिश शिकायला सालामांकाला गेलेल्या मराठी मुलीचं दुपारचं जेवण दोन-तीनवर आणि रात्रीचं नऊ-दहावर सरकत नाही, तोवर ती भाषा तिच्या वहीतच राहते. सालामांकाचं विद्यापीठ 1218 सालचं. त्याच शतकात वऱ्हाडात, आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात, बाहेरून आलेल्याला भाषेत मुरवणारी एक शाळा उभी राहिली. तिला वर्ग नव्हता, दिनक्रम होता.

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी परंपरेनुसार मूळचे गुजरातचे, भडोचचे. रामटेकला म्हणून निघाले, रिद्धपुरात गुरू गोविंदप्रभूंपाशी थांबले आणि पुढे शिकवण मराठीतच देत राहिले. शिष्यांना त्यांनी महाराष्ट्रातच राहायला सांगितलं, आणि नेम लावून दिला तो अटन म्हणजे भटकंती, विजन म्हणजे एकांत, भिक्षा आणि भोजन असा. या नेमाचा हेतू वैराग्याचा, हे खरंच. पण रोज अनोळखी दारांपुढे उभं राहणाऱ्याला ऐकल्यावाचून सुटका नसते. गोविंदप्रभू तर गावात कुणाच्याही घरात शिरत, पोरांत खेळत. गावातली कित्येक माणसं त्यांना वेडेच समजत. शके 1200 च्या, म्हणजे 1278 च्या सुमारास शिष्य म्हाइंभटांनी इथंच स्वामींचं चरित्र, लीळाचरित्र, सिद्ध केलं. त्यात तत्त्वज्ञानाइतकंच जेवण, आंघोळ, वाटचाल, रुसवेफुगवे आहेत. पुढची स्थानपोथी तर स्वामी कुठल्या ओसरीवर बसले आणि देवळाचं दार कुठल्या दिशेला होतं, हेही नोंदवते. ज्या पंथाला दाराची दिशा लक्षात ठेवावीशी वाटली, त्याने भाषाही तशीच, जागेसकट सांभाळली.

कुणी म्हणेल, महानुभावांचे मठ पेशावर-काबूलपर्यंत होते आणि तिथं मराठी पोथ्या वाचल्या जात; त्या वाचकांनी वऱ्हाड कुठं पाहिलं होतं? आक्षेप वजनदार आहे. पण तिथं पोथी एकटी गेली नव्हती. स्मरण, पारायण, भिक्षा हा सगळा नेम तिच्याबरोबर गेला, म्हणून तर सकळ लिपीसारख्या सांकेतिक अक्षरांत बंद केलेली भाषाही तिथं टिकली. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. पंजाबातून येऊन रिद्धपूरच्या मठात राहणारा साधक तेराव्या शतकातली मराठी शिकतो, आणि बाहेर बाजारात वऱ्हाडी ‘मले-तुले’ चाललेलं असतं. हे अंतर आहेच. मात्र ज्या ग्रंथाचं अर्धं अंग रोजच्या खाण्यापिण्याचं आहे, त्याचा वाचक बाजारात फार वेळ परका राहत नाही; निव्वळ व्याकरण घोकणारा राहतो. आणि दिनक्रमातून आलेली भाषा भाजीबाजाराच्या पुढे जात नाही म्हणणाऱ्यांनी म्हाइंभटांचं गद्य एकदा वाचावं.

याच रिद्धपुरात 2024 मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. तिथं इमारती किती उठतात, यापेक्षा परप्रांतातून आलेला विद्यार्थी संध्याकाळी कुठं जेवतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. वसतिगृहाच्या खाणावळीत आपल्याच भाषेच्या चौघांत बसून जेवणार असेल, तर मोबाइलवर घरच्यांशी बोलत स्पेनमध्ये वर्ष काढणाऱ्यात आणि त्याच्यात फरक काय? गाव विद्यापीठाच्या दाराशी आहे. अभ्यासक्रमात त्याला तास किती द्यायचे, एवढंच ठरायचं आहे.