पत्त्यावर मिळणारी शाळा

लंडनमध्ये सप्टेंबर लागला की ज्या घरात दहा-अकरा वर्षांचं मूल आहे, तिथे माध्यमिक शाळेखेरीज दुसरा विषय निघत नाही. ३१ ऑक्टोबरपर्यंत कौन्सिलकडे अर्ज करायचा, त्यात पसंतीक्रमाने सहापर्यंत शाळा लिहायच्या आणि मार्चच्या सुरुवातीला कोणती शाळा मिळाली ते कळतं. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या आईवडिलांना ही पद्धत स्वच्छ वाटते, आणि बऱ्याच अंशी ती तशी आहेही. सरकारी शाळेला फी नाही, देणगी नाही, पालकांची मुलाखत नाही, कुणाची चिठ्ठी लागत नाही. पण जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर क्रम कसा लावायचा, हे शाळेच्या प्रवेश-नियमांत लिहिलेलं असतं आणि खरी मेख तिथे आहे. सरकारच्या देखरेखीखाली वाढणारी मुलं, विशेष गरजांच्या सरकारी योजनेत त्या शाळेचं नाव असलेली मुलं आणि शाळेत आधीच शिकणाऱ्यांची भावंडं घेऊन झाली की उरलेल्या जागा बहुतेक शाळा एकाच कसोटीवर देतात: घर शाळेपासून किती जवळ आहे. हे अंतर बहुधा संगणकाच्या नकाशावर सरळ रेषेत, मीटरच्या हिशेबाने मोजतात. शेवटची जागा किती अंतरावरच्या मुलाला मिळाली, तो आकडाही जाहीर होतो. मोठी मागणी असलेल्या शाळेत तो एक किलोमीटरच्या आत येतो. म्हणून लोक घर बदलतात. माझं म्हणणं असं, की घर बदलणाऱ्या आईवडिलांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यांना घर बदलायला लावणारा नियम अन्यायाचा आहे, आणि तो बदलावा ही मागणी त्या नियमाचा फायदा घेऊ शकणाऱ्यांनीच करायला हवी. इथे स्थिरावलेले अनेक मराठी लोक त्यांत येतात.

जवळच्या मुलाला जवळची शाळा, हा नियम वरवर पाहता निःपक्ष वाटतो. घराच्या बाजारात त्याचं काय होतं ते मात्र इस्टेट एजंटची कोणतीही जाहिरात वाचून समजेल. खोल्या किती, बाग किती मोठी, स्टेशन किती मिनिटांवर, हे सांगताना त्याच दमात आसपासच्या शाळांची नावं आणि अंतरं दिलेली असतात. इंग्लंडच्या शिक्षण खात्याने २०१७ साली याचा हिशेब मांडला. सर्वांत चांगले निकाल असलेल्या दहा टक्के माध्यमिक शाळांच्या आसपास घरांच्या किमती भोवतालच्या भागापेक्षा ६.८ टक्क्यांनी जास्त निघाल्या, प्राथमिक शाळांच्या आसपास ८ टक्क्यांनी. त्याच वर्षी सटन ट्रस्ट या संस्थेने आघाडीच्या ५०० काँप्रिहेन्सिव्ह शाळांचा, म्हणजे प्रवेश परीक्षा न घेणाऱ्या शाळांचा, अभ्यास केला. त्यांच्या परिसरातलं घर त्याच कौन्सिलच्या हद्दीतल्या सरासरी घरापेक्षा ४५,७०० पौंडांनी महाग होतं, त्या वेळच्या दराने जवळपास ३७-३८ लाख रुपये. दोन्ही आकडे वेगळ्या पद्धतीने काढलेले आहेत, त्यामुळे ते एकमेकांशेजारी ठेवून वाद घालण्यात हशील नाही. दिशा दोन्हींची एकच आहे. याच ५०० शाळांत गरिबीमुळे मोफत जेवण मिळणारी मुलं ९.४ टक्के होती, आणि देशाची सरासरी १७.२ टक्के होती. ज्या शाळेला फी नाही, तिची फी अशी घराच्या किमतीतून वसूल होते. शिवाय ही फी परतही मिळते. खासगी शाळेत भरलेले पैसे गेले ते गेले. चांगल्या शाळेजवळ घेतलेलं घर सात-आठ वर्षांनी विकलं की चढी किंमत पुढच्या कुटुंबाकडून वसूल करता येते. ज्याला आधी मोठं कर्ज मिळू शकतं त्याला ही शाळा जवळपास व्याजाच्या खर्चात पडते, आणि ज्याला कर्जच मिळत नाही त्याच्यासाठी ती नसल्यात जमा.

ही परिस्थिती कायद्यांतून घडत गेली. १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने शाळा निवडण्याचा पालकांचा हक्क बळकट केला आणि शाळेत जागा आहे तोवर मूल घेतलंच पाहिजे, असं बंधन आलं. दुसऱ्याच वर्षी ग्रिनिच या लंडनच्या बरोच्या, म्हणजे पालिका-विभागाच्या, खटल्यात कोर्टाने ठरवलं, की निव्वळ दुसऱ्या बरोत राहतो म्हणून मुलाला मागे ठेवता येणार नाही. दोन्ही गोष्टी पालकांच्या बाजूच्या होत्या. पण निवड सर्वांना खुली झाली आणि चांगल्या शाळांच्या जागा तेवढ्याच राहिल्या, तेव्हा निवाडा करायला हाताशी मोजपट्टी उरली. त्याच १९८८ साली घरभाड्याचाही नवा कायदा झाला, आणि त्यातल्या एका तरतुदीने घरमालकाला काहीही कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीवर भाडेकरूला घर सोडायला सांगण्याची मुभा मिळाली. ही तरतूद रद्द करणारा कायदा व्हायला २०२५ साल उजाडलं. मधल्या साऱ्या काळात एकाच पिढीच्या मुलांना दोन्ही कायदे एकदम लागू होते: शाळा पत्त्यावर मिळणार, आणि पत्ता मात्र घरमालकाच्या मर्जीवर टिकणार. कर्ज काढून घर घेतलेल्याचा पत्ता पक्का असतो. भाडेकरूला ऐन अर्जाच्या वेळी नोटीस आली तर पुढच्या सात वर्षांचं गणित बिघडतं. शाळाप्रवेशाच्या चर्चेत घरभाड्याचा हा पदर फार क्वचित येतो, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

मोजपट्टीवर इतकं अवलंबून असलं की तिला फसवण्याचे मार्गही निघतातच. शाळेजवळ सहा महिने किंवा वर्षासाठी फ्लॅट भाड्याने घ्यायचा, त्याच्या कौन्सिल टॅक्सच्या बिलावर अर्ज करायचा, मुलाला जागा मिळाली की जुन्या घरी परत जायचं. मग धाकट्याला भावंडांच्या नियमाने आपोआप प्रवेश. अशाने दुसऱ्याच भागात राहणारी कुटुंबं जागा घेतात आणि शाळेच्या मागच्या गल्लीतलं मूल बाहेर राहतं. म्हणून काही ठिकाणी भावंडांच्या नियमाला अंतराची अट घातली गेली. अनेक कौन्सिल आता भाडेकरार, बँकेची आणि सरकारी कागदपत्रं तपासतात, जुनं घर अजून मालकीचं आहे का ते विचारतात. एका कौन्सिलने तर मर्यादा ओलांडली. २००८ साली दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल गावच्या कौन्सिलने एका कुटुंबावर जवळपास तीन आठवडे पाळत ठेवली, तीही गुन्ह्यांच्या तपासासाठी केलेल्या कायद्याचा आधार घेऊन. ते कुटुंब खरोखरच शाळेच्या हद्दीत राहत होतं. २०१० साली लवादाने ही पाळत बेकायदा ठरवली. खोटा पत्ता देणं चूकच आहे, त्यात दुमत नको. पण ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याने पत्ता विकत घेतला तर ते कायदेशीर आणि ज्याच्याजवळ नाहीत त्याने तो नातेवाइकाकडून उसना घेतला तर ती लबाडी, असा फरक जो नियम करतो, त्या नियमाकडेही जरा निरखून पाहायला हवं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: मुलाचं भलं पाहणं हे आईवडिलांचं कर्तव्य आहे, आणि देश सोडून आलेल्यांना तर हे सांगावंच लागत नाही, कारण बहुतेकांनी मुलांच्या शिक्षणाचा विचार करूनच एवढं अंतर तोडलेलं असतं. मला हे मान्य आहे. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागला आहे. ज्यांना ती फी झेपत नाही त्यांनी चार वर्षं काटकसर करून महागड्या भागात छोटं घर घेतलं तर त्यांना नावं ठेवायची कुणाला गरज नाही. पण आपण नेमकं काय विकत घेतो, हे त्यांनीही तपासावं. शाळेचे निकाल बऱ्याच अंशी तिथे येणाऱ्या मुलांच्या घरचं चित्र दाखवतात. म्हणूनच शिक्षण खात्याने २०१६ पासून प्रोग्रेस ८ हे माप वापरलं: अकराव्या वर्षी मूल जिथे होतं तिथून सोळाव्या वर्षापर्यंत ते किती पुढे गेलं. ज्या शाळेचे कच्चे निकाल डोळ्यांत भरतात तिचं हे माप कधी कधी मध्यम असतं, आणि जिच्याकडे कुणी बघत नाही अशी शाळा या मापाने पुढे निघते. पालक मात्र अजूनही कच्च्या निकालांवर घर निवडतात, आणि पुष्कळदा चांगल्या शिकवण्यापेक्षा सुस्थितीतल्या शेजाऱ्यांचीच किंमत मोजतात. शाळा आहे तिथेच सुधारता येते, हेही लंडननेच दाखवलं आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या लंडन चॅलेंज या सरकारी उपक्रमाच्या काळात या शहरातल्या माध्यमिक शाळा देशातल्या मागासांतून आघाडीवर आल्या, आणि इथली गरीब मुलं आज देशातल्या इतर भागांतल्या गरीब मुलांपेक्षा बरीच पुढे आहेत. याचं श्रेय कशाकशाला द्यायचं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, त्यांत मी शिरत नाही. चांगली शाळा मूठभर गल्ल्यांतच असते, हा समज मात्र त्या अनुभवानंतर टिकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुलाने पायी शाळेत जावं, वर्गातला मित्र पलीकडच्या रस्त्यावर राहावा, शाळा त्या वस्तीची असावी, यात मोठं सुख आहे. अंतराचा नियम काढला तर तेही जाईल. पण हे सुख आज कुणाला मिळतं, ते पाहा. शाळा नावाजली की भोवतीची घरं महागतात, जुने भाडेकरू हळूहळू दूर ढकलले जातात, शेवटच्या जागेचं अंतर आणखी कमी होतं, आणि काही वर्षांत ती शाळा ज्या वस्तीसाठी उभी राहिली ती वस्तीच तिथे उरत नाही. शिवाय सर्व जागा अंतराबाहेर काढा, असं माझं म्हणणंच नाही. निम्म्या जागा अंतरानुसार ठेवल्या तरी वस्तीची शाळा वस्तीचीच राहील.

आपल्याकडे आणखी एक उत्तर पटकन दिलं जातं: मग ग्रामर स्कूलची परीक्षा द्यावी, तिथे गुणवत्ता चालते. ग्रामर स्कूल असलेल्या स्लाऊ, सटन, बकिंगहमशर या भागांचं भारतीय कुटुंबांना असलेलं आकर्षण याच विश्वासातून येतं. इंग्लंडमध्ये परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या अशा १६३ सरकारी शाळा उरल्या आहेत. त्यांतल्या अनेक शाळा परीक्षेनंतर पुन्हा पत्ताही बघतात. किंग्स्टनच्या टिफिन स्कूलने तर कोणत्या पोस्टकोडांतल्या मुलांना प्राधान्य हे ठरवूनच दिलं आहे. म्हणजे ट्यूशनचा खर्च आणि घराचा खर्च, दोन्ही. सटन ट्रस्टच्या २०१३ च्या पाहणीत ग्रामर स्कूलमध्ये दाखल होणाऱ्या मुलांत मोफत जेवणाला पात्र मुलं तीन टक्क्यांपेक्षाही कमी होती. हुशारी उत्पन्न पाहून जन्माला येत नाही, तेव्हा या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग करायचं काय? सोडत हा एक मार्ग आहे, आणि मराठी वाचकाला तो परका नाही. शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा महाराष्ट्रात ऑनलाइन सोडतीनेच भरतात, आणि २०२४ साली राज्य सरकारने त्यातून अनेक खासगी शाळांना वगळायचा प्रयत्न केला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तिथेही घर शाळेपासून किती लांब हे बघतातच, आणि भाडेकरार खरा की खोटा हा वादही तिथे आहे. पण गरीब घरासाठी राखीव जागा आणि त्यांत सोडत, ही जोडी तिथे आहे. इंग्लंडमध्ये ब्रायटनने २००८ पासून जागा कमी पडल्यास सोडतीने द्यायला सुरुवात केली. अभ्यासकांनी नंतर तपासलं तेव्हा श्रीमंत-गरीब मुलांच्या विभागणीत फारसा फरक पडलेला दिसला नाही, कारण सोडत प्रत्येक शाळेच्या हद्दीपुरती होती आणि हद्दी वस्तीनुसारच आखलेल्या होत्या. सोडतीच्या विरोधकांनी हा दाखला जरूर द्यावा. तो खरा आहे. पण त्यातून सिद्ध होतं ते एवढंच, की हद्द कायम ठेवून केलेली सोडत पुरेशी नाही. ब्रायटननेही पुढचं पाऊल टाकलं आणि २०२५ च्या प्रवेशापासून मोफत जेवणाला पात्र मुलांना शहरभर प्राधान्य दिलं. लंडनच्या हॅकनी भागातली मॉसबोर्न अकॅडमी बॅंडिंग वापरते: सर्व अर्जदारांची चाचणी घ्यायची आणि वरच्या, मधल्या, खालच्या अशा प्रत्येक गटातून ठरावीक मुलं घ्यायची. शाळांच्या प्रवेश संहितेत हे सगळं बसतं, नवा कायदा लागत नाही. यांपैकी गरीब मुलांना थेट प्राधान्य देण्याचा मार्ग मला सर्वांत सरळ वाटतो. त्यात नशिबावर भार नाही, आणि आपलं मूल लांबच्या शाळेत फेकलं जाईल ही भीतीही बरीच कमी होते.

हे आपोआप होणार नाही, कारण सध्याच्या नियमात ज्यांचं घर अडकलं आहे तेच शाळेच्या बैठकांत बोलतात. म्हणून इथल्या मराठी पालकांना एक विनंती. शाळेला प्रवेशाचे नियम बदलायचे असले की १ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी या काळात किमान सहा आठवडे लोकांची मतं मागवावी लागतात. बदल नसला तरी सात वर्षांतून एकदा मागवावीच लागतात. नियम अन्यायाचा वाटला तर १५ मेपर्यंत स्कूल्स अ‍ॅडज्युडिकेटर या निवाडा-अधिकाऱ्याकडे हरकत घेता येते. पालकांना ती घेता येते आणि त्यासाठी वकील लागत नाही. तुमच्या मुलाला हवी ती शाळा मिळाली असेल तर तिचे प्रवेश-नियम या हिवाळ्यात एकदा वाचा, गरीब मुलांसाठी त्यात काय आहे ते बघा, आणि काही नसेल तर तसं लेखी कळवा.