दोन नंबरचा रिव्ह्यूअर

आषाढीच्या आगेमागे पंढरपुरात चंद्रभागेचं पाणी कसं बदलतं, यावर आमच्या कॉलेजातून आम्ही पेपर लिहिला. विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर नमुना नुसता प्रयोगशाळेत नेऊन भागत नाही. काठावरच बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घालावं लागतं, बुडबुडा राहू न देता बूच लावावं लागतं. वाळवंटातल्या त्या रेटारेटीत तपकिरी साका खाली बसताना बघून एका वारकरी आजोबांनी विचारलं, "काय औषध करताय का, माउली?"

पहिल्या जर्नलच्या एडिटरने ‘आमचा विषय नाही’ म्हणून पेपर परत केला. दुसऱ्याने दोन रिव्ह्यूअरांकडे धाडला. यांची नावं आपल्याला कळत नाहीत आणि सहसा त्यांना मानधनही नसतं. काही महिन्यांनी उत्तर आलं : मेजर रिव्हिजन.

पहिल्याचा आक्षेप, बीओडी म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणीची चाचणी ५ दिवसांची का नाही? भारतीय मानकात ती २७ अंशांवर ३ दिवसांची असते, असं कळवलं, त्याला पटलं. दुसरा मात्र चिवट. वारीसाठी उजनी धरणातून पाणी सोडतात, हे आम्ही एका ओळीत लिहिलं होतं. त्याने तीच ओळ धरली. मग पाण्यातला बदल गर्दीचा की धरणाच्या पाण्याचा? गावाच्या वरच्या अंगाचे नमुने कुठे आहेत? आधी राग आला. पण प्रश्न बिनतोड होता. कार्तिकीला नदीचं मान निराळं असतं, म्हणून ते नमुने घ्यायला पुढच्या आषाढीपर्यंत थांबलो. छापून आलेला निष्कर्ष पहिल्यापेक्षा मवाळ आहे, आणि जास्त खरा.

त्या वर्षभरात ‘फी भरा, ४८ तासांत छापू’ अशा मेल येतच होत्या. प्रमोशन अडलेल्या माणसाला मोह होणारच. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापलेल्या अभ्यासात यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ जर्नल्स तपासली, तेव्हा त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. पुढे तिच्या जागी यूजीसीचीच केअर यादी आली. २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केल्याचं जाहीर केलं.

आता पारख कॉलेजांनीच करायची आहे. मुलाखत घ्यायला बसणाऱ्यांना एवढंच सांगणं : पेपर किती, हे विचारण्याआधी रिव्ह्यूअरने काय विचारलं होतं, ते विचारा. ज्याचा पेपर खरोखर तपासला गेलाय, तो अर्धा तास बोलेल.