पळायला कोण घालणार?

शिकारी कुत्रा म्हटला की लोकांना त्याचे दात आठवतात. आम्हांला त्याची भाकरी आठवते. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ येथे नोकरीनिमित्त आमची तीन वर्षे गेली. आमच्या घरमालकाच्या ओसरीवर रोज दोन वेळा जर्मनच्या थाळ्यांत जोंधळ्याची भाकरी कुस्करली जाई, तिच्यावर दूध अथवा ताक पडे, आणि दोन उंच, सडपातळ प्राणी मान न हलवता त्या हातांकडे पाहत उभे राहत. एवढ्या मोठ्या लौकिकाच्या कुत्र्यांचे जेवण इतके साधे असावे, याचे आम्हांला प्रथम हसूच आले होते.

मुधोळ मराठी माणसाला अगदीच परके नव्हे. घोरपड्यांचे हे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले. कन्नडमधील थोर कवी रन्न याच भूमीतला. परंतु आज गावाचे नाव दूरवर गेले आहे ते कुत्र्यामुळे. मालोजीराव घोरपड्यांनी बेडर लोकांजवळ ही जात पाहिली आणि तिची जोपासना केली, असे तिकडे सांगतात. २००५ साली हा कुत्रा टपालाच्या तिकिटावर आला आणि २०१६ साली त्याची पिल्ले लष्कराने शिक्षणासाठी मेरठला नेली. गावाजवळ तिम्मापूर येथे याच जातीसाठी एक संशोधनकेंद्रही आहे. आपल्याकडे याच कुळातल्या कुत्र्याला कारवान म्हणतात. एकंदरीत केंद्र सरकारच्या सेवेत हा प्राणी आमच्याहून अधिक मानाने दाखल झाला आहे, हे आम्हांस मान्य केले पाहिजे.

पाहुणेमंडळी आली की एक प्रसंग ठरलेला असे. कुत्र्यांच्या फासळ्या पाहून कोणीतरी कळवळून म्हणे, "अहो, उपाशी ठेवता की काय यांना?" घरमालक बोलत नसत, ते नुसते कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवीत. वासावर नव्हे, तर नजरेने सावज हेरून त्याच्या मागे सुटणारा हा कुत्रा. छाती खोल, पोट पाठीला लागलेले, कातडी पातळ आणि अंगावर चरबी जवळजवळ नाही. शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणे हीच त्याची प्रकृती. त्या झाकल्या गेल्या म्हणजे भाकरी जास्त झाली, किंवा धाव कमी झाली, असे समजावे.

जेवण साधे खरे, पण त्याचे नियम मात्र कडक. पहाटे धावून आल्यावर तासभर अन्न नाही. आधी धाप बसू द्यायची, थोडे थोडे पाणी द्यायचे, मग थाळी. जेवल्यावर पुन्हा दोन तास सोडायचे नाही. आम्ही याला जुन्या माणसांचा सोवळेपणा समजत होतो. पुढे तेथील पशुवैद्यांनी सांगितले की, खोल छातीच्या कुत्र्यांत भरल्या पोटी धावण्याने जठर फुगून पिळवटण्याचा धोका असतो, आणि तसे झाल्यास काही तासांतच जनावर हातचे जाते. आठवड्यातून एकदोनदा अंडे, बाजारच्या दिवशी थोडे मांस. शिजवलेले हाड मात्र नाही, कारण त्याच्या कपच्या आतड्यात रुततात. कांदा तर कटाक्षाने वर्ज्य. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. आणि तो जिल्हा पडला कांद्याचा! घरातील सुनेला भाजीतला रस्सासुद्धा थाळीत ओतायची मुभा नव्हती.

खरी सेवा दिवेलागणीनंतर सुरू होई. घरमालक बॅटरी घेऊन ओसरीवर बसत आणि एकेक पाय मांडीवर घेत. बाभळीचा काटा, सराटा, बोटांच्या बेचक्यात दडलेली गोचीड, सारे चिमट्याने निघे. गोचिडी रॉकेलच्या वाटीत जात. हाडावर मांस कमी, म्हणून निजायला गोणपाटाची दुहेरी घडी. नाहीतर कोपरांना घट्टे पडतात. परक्याचा हात अंगाला लागलेला या कुत्र्यांना खपत नाही. आमचा हात खपायला सात महिने लागले. कचेरीत साहेबांची मर्जी मिळवायलाही आम्हांला एवढा काळ लागला नव्हता.

आता, ज्या शिकारीसाठी हे सारे चालायचे, ती शिकार कुठे आहे? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा मारणे गुन्हा ठरले, आणि ते योग्यच झाले. परंतु कुत्र्याच्या पायांना कायदा कोण समजावणार? मोकळे माळ होते तेथे पाणी आले, ऊस आला. घरमालक पहाटे साडेचारला सायकल काढत आणि गावापासून लांब एका पडीक रानात कुत्री नेऊन सोडत. सावज नाही, काही नाही. एक धावे, दुसरे त्याला गाठू पाही. आणि परत येताना दोघांच्या जिभा लोंबत असत.

तिसऱ्या वर्षी कुत्री व्याली. सहा पिल्लांतले एक आमच्या मुलाने निवडले, त्याचे नाव 'बाण' ठेवले. चौथ्या आठवड्यापासून त्याला पातळ कण्या भरवणे, जंतांचे औषध, मग लसी, हे सारे आमच्या घरात आनंदाने झाले. घरमालकांनी "पिल्लू तुमचंच" म्हणून टाकले होते. बाण पाच महिन्यांचा झाला आणि आमच्या हाती दिल्लीचा बदलीचा हुकूम पडला. क्वार्टर मिळाले ते दुसऱ्या मजल्यावर.

आमच्या कुटुंबाने खर्चाचा आकडा काढला, रेल्वेने कुत्रा कसा न्यायचा याची चौकशी झाली, दिल्लीच्या थंडीसाठी जुन्या शालीचा झगासुद्धा बेतून झाला. घरमालकांनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, "सायेब, खायला तुम्ही घालाल, माझ्यापरीस चांगलं घालाल. पळायला कोण घालणार?"

आम्ही दोन रात्री विचार केला. आमच्या वसाहतीतले मैदान, भोवतालची वाहने, नऊच्या आत कचेरी गाठण्याची घाई, हे सारे पुनःपुन्हा मांडून पाहिले. मुलगा रडला, त्याची समजूत घालण्याजोगे आमच्याजवळ काही नव्हते, म्हणून आम्ही घातली नाही. बाण मुधोळलाच राहिला.

दर रविवारी घरमालकांचा फोन येतो. चिरंजीव आधी, बाणाने काय खाल्ले, हे विचारतात. आम्ही, किती वाजता सोडला, ते विचारतो. मागच्या रविवारी डाव्या पुढच्या पायात सराटा मोडला होता. संध्याकाळपर्यंत निघाला, आणि सोमवारी नुसते फिरवून आणले.