मुरुमाची वाट

शेहेचाळिसाव्या वर्षी शिक्षकाने मोटारसायकल मातीत घालावी का, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. मुलांना माझ्या गुडघ्याची काळजी. बेगमने अखेर परवानगी दिली, पण दोन अटींवर : "जाव, पर अकेले नक्को. और मगरिब के पहले घर."

बी.एड.च्या दिवसांत माझ्याकडे जुनी यामाहा आरएक्स 100 होती. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, वजनाला हलकी, आवाज अख्ख्या मोहल्ल्याच्या ओळखीचा. गाडी डांबरासाठी बनलेली, पण आम्ही तिला नदीच्या पात्रात, बैलगाडीच्या चाकोरीत, कुठेही न्यायचो. मग नोकरी लागली, निकाह झाला, गाडी विकली. पुढची वीस वर्षं स्कूटर शाळा, घर आणि बाजार एवढ्यातच फिरली.

गेल्या वर्षी सेकंडहँड हिरो एक्सपल्स 200 घेतली. ही 2019 सालची गाडी कच्च्या रस्त्याचा विचार करूनच बनवलेली आहे. पुढचं चाक 21 इंची, म्हणजे खड्ड्यात अडकण्याऐवजी वरून निघून जातं. इंजिनचं पोट जमिनीपासून 220 मिलिमीटर वर, त्यामुळे दगडाला सहसा घासत नाही. गाडी नवी मिळाली तरी अंग जुनंच होतं. त्याला पुन्हा शिकवावं लागलं. फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपरं बाहेर ठेवायची. चढाला अंग पुढे, उताराला मागे. आणि नजर चाकासमोरच्या दगडावर नाही, लांब. दगडाकडे पाहत राहिलात की गाडी नेमकी त्याच दगडावर जाते. विशीत हे कुणी सांगितलं नव्हतं, तेव्हा पडूनच कळायचं.

वर्गातली पोरं विचारतात, "सर, डाकरला जाणार का?" मी त्यांना सी. एस. संतोषबद्दल सांगतो. 2015 साली डाकर रॅली पूर्ण करणारा तो पहिला भारतीय. केरळच्या हरिथ नोआने 2024 साली त्याच रॅलीत 'रॅली 2' हा गट जिंकला, हेही सांगतो. पण त्यांची झुंज घड्याळाशी असते. माझ्या घड्याळात एकच वेळ महत्त्वाची, मगरिबची.

माझी आवडती वाट साताऱ्याहून सज्जनगडाच्या बाजूने ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडीच्या पठारावर जाते. तिथे पवनचक्क्यांसाठी केलेले मुरुमाचे रस्ते आहेत. पावसाळा सरता सरता तिथे गेलात तर मुरूम ओला आणि घट्ट असतो, चाक छान पकड घेतं. दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने जायचं. डोक्यावर भली मोठी पाती फिरताहेत, दरीतून ढग वर येतोय, मध्येच सगळं पांढरं होतं आणि पुढच्या वळणावर अचानक ऊन. इतक्या सावकाश गेलं की तेरडा आणि सोनकी वेगवेगळी दिसतात. वेगात नुसता गुलाबी-पिवळा पट्टा दिसतो.

मागच्या सप्टेंबरात दोन माजी विद्यार्थी सोबत होते. दोघेही चांगले चालवतात. एकाने रस्ता सोडून पठाराकडे हँडल वळवलं. म्हणाला, "सर, सगळं मोकळंच तर आहे. कापू या का मधून?"

मी गाडी बंद करायला सांगितली आणि त्याला खाली बसवलं. सडा लांबून माळरान वाटतो. जवळून पाहिलं तर जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर असतो. त्यात निळी सीतेची आसवं उभी होती. शेजारी दवबिंदू, चिकट थेंबांवर किडा पकडणारी इवलीशी वनस्पती. खडकावर कस नाही, म्हणून ती किड्यांमधून पोषण घेते. या रोपांना वाढून, फुलून, बी धरायला पावसाळ्याचे काही महिनेच मिळतात. चाकाने तो थर एकदा फाटला की पाणी त्याच चरातून धावतं आणि उरलेली माती घेऊन जातं. मागून येणाऱ्याला तो चर रस्ताच वाटतो. पोरगा बराच वेळ बसून पाहत होता. मग उठला आणि काही न बोलता गाडी मुरुमावर घेतली.

मी दोन भाषा शिकवतो, त्यामुळे शब्द डोक्यातून जात नाहीत. आपण मराठीत सर्रास वापरतो तो 'रस्ता' फारसीतून आला. 'वाट' जुनी, प्राकृतातून आलेली. पण कुणाची प्रतीक्षा करायची असली की मराठी माणूस 'वाट पाहतो' आणि उर्दूवाला 'राह देखता है'. दोन्ही भाषांना ठाऊक आहे की वाटेकडे नुसतं पाहत राहणं हेही एक काम आहे. ऑफ-रोडिंग म्हणजे रस्ता सोडणं, असा अर्थ पोरं काढतात. मी त्यांना म्हणतो, डांबर सोडा, वाट सोडू नका.

माझ्या वयाचं कुणी पुन्हा मातीत उतरायचं म्हणत असेल तर जरूर उतरा. चांगले बूट आणि गुडघ्याचे गार्ड आधी घ्या, गाडीचा साज नंतर. टायरमधली हवा थोडी कमी करा, परतताना डांबरावर भरायला छोटा पंप ठेवा. सोबत कुणीतरी असू द्या. आणि निघायच्या आधी घरच्यांच्या अटी नीट ऐकून घ्या. त्यांनाही आपली वाट पाहायची असते.