ढिगाऱ्याची धूळ

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे दहशतवादी हल्ल्यात कोसळले. मे २००२ च्या अखेरीस तिथला ढिगारा उपसून झाला, पण उपसणाऱ्यांच्या फुप्फुसांतली धूळ गेली नाही.

सिमेंटची भुकटी, काचेचे तंतू, अ‍ॅस्बेस्टॉस, शिसे! हे सगळे ती माणसे श्वासावाटे आत घेत होती. कित्येकांच्या तोंडावर धड मास्कही नव्हता. त्यातच आठवडाभरात सरकारी पर्यावरण संस्थेने हवा सुरक्षित असल्याचे जाहीर केले. याचा आजही संताप येतो.

आधी खोकला, मग दमा, काही वर्षांनी कर्करोग.

उपचारांची तरतूद करणाऱ्या झाद्रोगा कायद्यावर जानेवारी २०११ मध्ये सही झाली. हल्ल्याच्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले होते. सप्टेंबर २०२३ पर्यंत त्या धुळीच्या आजारांनीही तितकेच नेले.