चीनला न जाता चीनमध्ये शिकलेल्यांना

अंजूर, ता. भिवंडी

चीनला एमबीबीएस करायला गेलेल्या आणि 2020 साली घरीच अडकलेल्या मुलामुलींनो,

थंडीच्या सुट्टीला म्हणून तुम्ही आलात. पुस्तकं, ॲप्रन सगळं तिकडे होस्टेलवरच. 30 जानेवारीला देशातला पहिला कोरोना रुग्ण सापडला. वुहानहून केरळात परतलेली वैद्यकीय विद्यार्थिनी, म्हणजे तुमच्यातलीच एक. मग तुम्हाला साधी शिंक आली तरी शेजारपाजारचे दार लावून घेऊ लागले.

तिकडचा सकाळी आठचा तास आपल्याकडे साडेपाचला. घर झोपलेलं असताना तुम्ही मोबाइलवर शरीररचना शिकत होतात. नेट गेलं की अर्धं हृदय राहून जायचं. चीनने तुमच्यासाठी व्हिसाचं दार किलकिलं केलं ते थेट ऑगस्ट 2022 मध्ये. दरम्यान अंजूरफाट्यावर कंटेनरच्या रांगा होत्याच, गोदामांत चिनी माल उतरत होताच. खोक्यांना वाट मिळाली, तुम्हाला नाही.

शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी प्रत्यक्ष रुग्ण न पाहता ऑनलाइन पूर्ण केलेल्या शिक्षणाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल 2022 मध्ये न्यायालयाने राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला योजना आखायला सांगितलं. जुलैअखेर आयोगाने मार्ग काढला: 30 जूनपर्यंत पदवी हाती आलेल्यांनी एफएमजीई ही परदेशी वैद्यकीय पदवीधरांची परीक्षा द्यावी, पास झाल्यावर एकाऐवजी दोन वर्षं इंटर्नशिप करावी. तुम्हाला ती शिक्षा वाटली. मला नाही वाटत. रुग्णाची नाडी न धरता झालेल्या डॉक्टरकडे मी माझ्या आईला नेणार नाही, तुम्हीही तुमच्या आईला नेणार नाही.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. सरकारी दवाखान्यांत हात कमी पडत होते, तेव्हा वैद्यकाची तीन-चार वर्षं शिकलेली पोरं घरात पडद्यासमोर बसून होती. भिवंडीचं इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय इथून फार दूर नाही. तिथे वरिष्ठांच्या देखरेखीखाली तुम्हाला उभं केलं असतं, त्या कामाची नोंद ठेवली असती, तर रुग्णांची सोय झाली असती आणि तुमचं वर्षही वाचलं असतं. घरच्यांनी शेत गहाण टाकून भरलेल्या फीचं तरी चीज झालं असतं.

साथ पुन्हा येईल, परदेशी शिकणारी मुलं पुन्हा अडकतील. तुम्ही आता डॉक्टर आहात, तुमच्या शब्दाला वजन आहे. अडकलेल्या विद्यार्थ्याला जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात शिकता यावं आणि ते शिक्षणात धरलं जावं, असा नियम आयोगाकडे आत्ताच मागा. साथ दारात आल्यावर मागाल, तर तेव्हा कुणाला वेळ नसेल.

तुमचा,
अंजूरचा एक गावकरी